डोंगराच्या परवानगीने

चिलीच्या दक्षिण भागात तळ्याकाठी पुकोन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर एक सिग्नल बसवलेला आहे. रस्त्यावरच्या गाड्यांशी त्याचा काही संबंध नाही. तो गावामागच्या डोंगराचा सिग्नल आहे. हिरवा दिवा असला की डोंगर नेहमीच्या स्वभावात आहे. पिवळा लागला की त्याच्या पोटात काहीतरी बदलतंय. नारिंगी लागला की तयारीत राहायचं, आणि तांबडा लागला की निघायचं. दूध-पाव आणायला निघालेल्या बायका, शाळेत जाणारी पोरं, बाकावर बसलेली म्हातारी माणसं, सगळ्यांची नजर जाता-येता त्या दिव्याकडे वळते आणि मग वर, शिखराकडे. या दोन नजरांत गावाचं सगळं शहाणपण आहे, असं मला तिथे राहताना वाटत गेलं.

डोंगराचं नाव विल्यारिका. उंची २,८४७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार-बाराशे मीटरने जास्त. आकार इतका नेटका की चित्रातला डोंगर बघून कुणीतरी तो तिथे आणून ठेवला असावा. वरचा निम्मा भाग उन्हाळ्यातही बर्फाने झाकलेला, आणि माथ्यावर दिवसभर धुराची एक बारीक शेंडी. गावातल्या कुठल्याही गल्लीतून मान वर केली की तो दिसतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर कधी कधी शेंडीचा तळ तांबूस दिसतो. विवराच्या आत, खोलवर, वितळलेल्या खडकाचं तळं आहे. ही त्याची आभा. असं तळं वर्षानुवर्षं उघडं ठेवणारे ज्वालामुखी जगात मोजकेच आहेत. अंटार्क्टिकातला एरेबस, इथिओपियातला एर्टा आले, काँगोमधला न्यिरागोंगो, आणि हा. त्यातही सुट्टीवर आलेला साधा पायी चालणारा माणूस वाटाड्याबरोबर सकाळी निघून, काठापर्यंत जाऊन संध्याकाळपर्यंत परत येऊ शकतो, असे तर आणखीच थोडे.

इथले मूळ रहिवासी मापुचे लोक या डोंगराला रुकापियान म्हणतात. पूर्वजांच्या बलवान आत्म्याचं हे घर आहे, अशी त्यांची श्रद्धा. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात इथे आले तेव्हापासून त्याच्या उद्रेकांच्या लेखी नोंदी आहेत. गेल्या शंभर वर्षांत तो १९४८ साली खवळला, १९६३-६४ मध्ये खवळला, १९७१ मध्ये, १९८४ मध्ये आणि २०१५ मध्ये. तरी पायथ्याची गावं हललेली नाहीत. राखेने माती कसदार केली आहे, तळ्यात पाणी आहे, हिवाळ्यात बर्फावर घसरायला आणि उन्हाळ्यात शिखर चढायला माणसं येतात. डोंगर या गावाला पोसतो आणि अधूनमधून त्याची झोपही उडवतो. दोन्ही गोष्टी एकत्र मान्य करून लोक राहतात.

चढाईच्या आदल्या संध्याकाळी आम्ही वाटाड्याच्या दुकानात गेलो. इथे परवानाधारक वाटाड्याशिवाय सामान्य प्रवाशाला शिखराकडे सोडत नाहीत. भिंतीवर रांगेने आइस अ‍ॅक्स टांगलेल्या होत्या, खाली जाड तळव्याचे बूट, कोपऱ्यात हेल्मेट, बुटांना बांधायचे काटे म्हणजे क्रॅम्पॉन, गेटर्स आणि विषारी वायूसाठीचे मास्क. आमचा वाटाड्या चाळिशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. बूट पायात चढवून तो स्वतः गुडघ्यावर बसला, अंगठ्याने पुढची जागा दाबून बघितली, टाच उचलते का ते बघितलं आणि पहिला जोड बाजूला ठेवून दुसरा काढला. त्याला घाई नव्हती. उद्याचा दिवस आजच्या या बुटांवर अवलंबून आहे, हे त्याच्या हातांकडे बघूनच कळत होतं.

मग त्याने नियम सांगितले. पहाटे तो घराबाहेर येऊन धुराकडे बघेल. धूर आमच्या वाटेच्या उलट्या बाजूला वाहत असेल तर ठीक. आमच्या वाटेवर आला तर माथा नाही. शिखरावर ढगाने टोपी घातली असेल तर निघणंच नाही. आणि निघालो तरी दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे. माथा शंभर पावलांवर असला तरी मागे. आमच्यातल्या एका तरुणाने विचारलं, पैसे भरून इतक्या लांब आल्यावर असं कसं? त्यावर तो इतकंच म्हणाला, "डोंगर उद्याही इथेच असेल. तुम्हीही असावं, एवढंच माझं काम."

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला वाटाड्या नवा नसतो. गडाच्या पायथ्याच्या वाडीतले मामा पुढे निघतात, हातात कोयता, पायात साध्या चपला, आणि कारवीच्या रानातून वाट अशी काढतात की आपण नकाशा मिटून ठेवतो. पण तिथे मामांचं ज्ञान वाटेचं असतं. कडा कुठे निसटता आहे, टाकं कुठल्या महिन्यापर्यंत पाणी देतं, मधमाश्यांचं पोळं कुठे आहे. कडा स्वतः कालचाच असतो, आजोबांच्या वेळचाच असतो. इथल्या वाटाड्याला रोज नवा डोंगर वाचावा लागतो. बर्फ रात्री गोठतं, दुपारी सैल होतं, वारा फिरतो, विवरातलं तळं काही दिवस वर चढतं, काही दिवस खाली जातं. काल जे खरं होतं ते आज पुन्हा तपासून घ्यावं लागतं. ही तपासणी म्हणजेच त्याचा पेशा.

पहाट काळोखी आणि कोरडी होती. धूर पूर्वेला, अर्जेंटिनाच्या दिशेला वाहत होता. गाडी जंगलातून चढू लागली. आधी कोइग्वेची उंच झाडं, मग वर वर आराउकारिया दिसू लागली. खोड सरळ, जाड सालीचं, फांद्या छत्रीच्या आकारात फक्त वरच्या टोकाला, पानं टोकदार आणि खवल्याखवल्यांची. हे झाड हजार वर्षंही जगतं. त्याची जाड साल आगीची झळ सोसते. ज्वालामुखीच्या उतारावर टिकायचं तर ते करावंच लागतं. त्याच्या बियांवर मापुचे आणि त्यांच्यातले डोंगराळ भागातले पेवेंचे पिढ्यान्‌पिढ्या जगले आहेत. आता ते कायद्याने संरक्षित आहे, तोडायला बंदी आहे. दिव्यांच्या उजेडात ती झाडं एकेक करून मागे गेली आणि मग झाडं संपलीच. समोर काळी वाळू, काळे खडे आणि त्यापलीकडे पांढरा उतार.

स्की केंद्राजवळ, साधारण १,४०० मीटर उंचीवर, गाडी थांबली. हिवाळ्यात इथे घसरणाऱ्यांची गर्दी असते. या दिवसांत सकाळी फक्त चढणारे. तारेवरचा पाळणा चालू असेल तर पहिला टप्पा त्यात बसून उरकता येतो, पण त्या दिवशी वाटाड्याने सगळ्यांना चालायला लावलं. पहिल्या तासात कोण किती दमतं ते त्याला बघायचं होतं.

बर्फ सुरू झालं तिथे त्याने थांबवलं आणि आइस अ‍ॅक्स कशी धरायची ते शिकवलं. हे शिक्षण मला आजही हातात जाणवतं. अ‍ॅक्सच्या डोक्यावर तळहात, अंगठा रुंद पात्याखाली, बाकीची बोटं टोकदार चोचीवर. दांडा नेहमी डोंगराच्या बाजूच्या हातात. नागमोडी वाटेवर प्रत्येक वळणाला डोंगराची बाजू बदलते, म्हणून प्रत्येक वळणाला थांबायचं, दोन्ही पाय घट्ट रोवायचे, अ‍ॅक्स एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायची, दांड्याचं टोक बर्फात उतरलं की नाही ते बघायचं आणि मगच वळायचं. पडलं तर क्षणात पोटावर उलटायचं, चोच खांद्याजवळ बर्फात रुतवायची, छातीचा सगळा भार तिच्यावर टाकायचा. त्याने आम्हाला मुद्दाम छोट्या उतारावर घसरवलं. एकदा डोकं वर, एकदा डोकं खाली, एकदा पाठीवर. चोच बर्फात रुतली की खरवडण्याचा कर्कश आवाज येतो, मनगट थरथरतं आणि शरीर थांबतं. सगळे व्यवस्थित थांबेपर्यंत त्याने पुढे एक पाऊल टाकू दिलं नाही.

मग रांग निघाली. पुढे तो, मागे दुसरा वाटाड्या, मध्ये आम्ही. पुढच्याने टाकलेल्या पावलात पाऊल टाकायचं. क्रॅम्पॉनचे काटे बर्फात शिरताना करकर वाजतात. काटे सगळे एकदम टेकले तर पकड बसते, नुसत्या कडेवर पाय टाकला तर निसटतो. सह्याद्रीत चढताना हात बोलका असतो. खोबणी शोधायची, कातळावर पंजा टेकवायचा, खोदलेल्या पायरीची धार बोटांनी चाचपायची. इथे हातमोज्यातला हात मुका झाला आणि तळपाय बोलू लागले. हे बर्फ कडक, हे भुसभुशीत, हे वर काचेसारखं आणि खाली पोकळ. तासाभराने डोक्यातले विचार विरून गेले. श्वास, पाऊल, अ‍ॅक्स. श्वास, पाऊल, अ‍ॅक्स. इतक्या साध्या लयीत मन किती दिवसांनी बसलं होतं!

पहिल्या मोठ्या थांब्यावर सूर्य वर आला होता. खाली विल्यारिका तळं, दक्षिणेला कालाफ्केन तळं, उत्तरेला यायमाचा पांढरा माथा, आणि पूर्वेला लानीन, चिली आणि अर्जेंटिनाच्या हद्दीवर उभा, ३,७०० मीटरहून उंच. विल्यारिका, केत्रुपियान आणि लानीन हे तिघे एका ओळीत उभे आहेत. अँडीजची मोठी रांग उत्तर-दक्षिण जाते, ही छोटी ओळ तिला छेद देऊन जाते. जमिनीखालच्या जुन्या भेगेवर ते उभे आहेत. पश्चिमेला, इथून दिसत नाही अशा अंतरावर, पॅसिफिक महासागराखालचा नाझ्का भूपट्ट वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वेगाने दक्षिण अमेरिकेखाली शिरतो आहे. शिरताना तो समुद्राचं पाणी आपल्या खनिजांत घेऊन जातो. खोलवर ते पाणी सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात मिसळतं, आणि पाण्याच्या स्पर्शाने खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो. विवरातलं तळं अशा समुद्राच्या पाण्याने पेटलेलं आहे. हाच भूपट्ट कधी अडकतो आणि मग एकदम सुटतो. १९६० च्या मे महिन्यात इथून जवळच्या वाल्दिव्हियाला ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रांनी मोजलेल्या भूकंपांत त्याहून मोठा आजवर झालेला नाही.

इतक्या शांत, उजळ सकाळी हे सगळं खरं वाटत नाही. पण वाटाड्याने अ‍ॅक्सने खालच्या दऱ्या दाखवायला सुरुवात केली. झाडांच्या हिरव्यातून उतरत गेलेले राखाडी पट्टे दिसत होते, तळ्यांपर्यंत. ते लोंढ्यांचे मार्ग होते. या डोंगरावर लाव्हापेक्षा माणसं घाबरतात ती लाहारला. उद्रेक झाला की तापलेला खडक बर्फावर पडतो, बर्फ क्षणात वितळतं, आणि पाणी, राख, शिळा, झाडं, सगळं एकत्र होऊन दऱ्यांतून सुटतं. लाव्हापुढून माणूस पळू शकतो, लाहारपुढून नाही. १९६४ च्या मार्चमध्ये रात्रीच्या वेळी अशाच एका लोंढ्याने कालाफ्केनच्या काठचं कोन्यारिपे गाव उद्ध्वस्त केलं. १९७१ च्या डिसेंबरअखेर पुन्हा लोंढे आले, पूल गेले, माणसं दगावली. आज रस्त्याच्या कडेला जागोजागी पाट्या आहेत, ज्वालामुखीचं चित्र आणि पळून जाण्याच्या दिशेचा बाण. शाळांत सराव होतात. वाटाड्या म्हणाला की १९८४ साली तो लहान होता, आणि रात्री घराच्या खिडकीतून त्याने बर्फावरून उतरणारी तांबडी रेघ बघितली होती. आईने खिडकीपाशी थांबू दिलं, पण बूट पायातच ठेवायला सांगितले होते.

त्या आईचं वागणं मला फार मोलाचं वाटतं. मुलाला तिने डोंगराची भीती घातली नाही, आणि डोंगर काही करणार नाही असं खोटंही सांगितलं नाही. त्याला बघू दिलं आणि बूट घालायला लावले. भीती आणि बेफिकिरी यांच्या मधली जी जागा असते ती अशीच दिसते, असं मला वाटतं. ज्या बर्फावर मी निवांत बसून संत्र सोलत होते ते बर्फ आणि ज्याने गाव नेलं ते बर्फ एकच होतं. दोन्ही गोष्टी एका वेळी मनात धरता येतात, आणि धराव्याच लागतात.

दुपारच्या सुमारास चढ तीव्र झाला. आमच्यातल्या एका गृहस्थांचं पाऊल लांबत नव्हतं. मागच्या वाटाड्याने त्यांच्याशी हळू आवाजात बोलून घेतलं आणि दोघं परत फिरले. कुणी काही म्हणालं नाही. पुढच्याने फक्त लानीनकडे बघितलं. तिथे शिखरावर सपाट ढग जमू लागला होता. घड्याळ बघितलं. मग निघाला.

माथ्याजवळ बर्फ संपतं. आतल्या उष्णतेने ते टिकत नाही. शेवटची पावलं काळ्या, ठिसूळ, पायाखाली चुरचुरणाऱ्या खड्यांवरून टाकायची. आम्ही मास्क चढवले. गंधकाचा वास मास्कमधूनही येतो, घशाशी आंबट चव येते, डोळ्यांतून पाणी येतं. आणि मग एकदम वाट संपते. पुढे कडा नाही, उतार नाही. एक प्रचंड भोक. दोनेकशे मीटर रुंद विवर, कडांवर पिवळे, पांढरे, विटकरी थर, आणि आत निळसर वायूचे लोट.

आधी ऐकू आलं. खोल, जड, थांबून थांबून येणारा आवाज. तो कानाला जितका लागतो तितकाच छातीला लागतो. आत तळ्याच्या पृष्ठभागावर वायूचे फुगे येऊन फुटत होते. वाऱ्याने लोट बाजूला सरला आणि काही क्षण खाली भेगेच्या तोंडाशी तांबडं दिसलं. एक चिळकांडी वर उडाली, वरच काळी पडली आणि कडेला आदळली. पुन्हा लोट आला, सगळं झाकलं. कुणीही बोललं नाही. माझ्या आयुष्यात मी देवळाच्या गाभाऱ्यासमोर अनेकदा उभी राहिले आहे, समुद्रासमोर उभी राहिले आहे. पण ज्यातून जमीन तयार होते ती गोष्ट चालू असताना तिच्यासमोर उभं राहणं वेगळंच होतं. माझ्या असण्या-नसण्याशी तिचा काही संबंध नव्हता. ती माझ्यासाठी सुंदर नव्हती, माझ्यावर रागावलेलीही नव्हती. ती फक्त चालू होती. डोळ्यांत पाणी गंधकाने आलं की आणखी कशाने, ते मी शोधत बसले नाही.

त्या आवाजाची एक गोष्ट आहे, ती सांगितलीच पाहिजे. विवरातून निघणाऱ्या आवाजाचा मोठा भाग आपल्या कानांच्या मर्यादेखालचा असतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण यंत्रं तो टिपतात. २०१५ साली शास्त्रज्ञांनी अशी यंत्रं विल्यारिकावर लावलेली होती. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत त्या न ऐकू येणाऱ्या आवाजाचा स्वर बदलू लागला, वर चढू लागला. नळाखाली घागर भरताना ती आता काठोकाठ येणार हे आपल्याला न बघता कळतं, कारण आवाज चढत जातो, तसंच. विवरात लाव्हाची पातळी वर सरकत होती, वरची पोकळी आखूड होत होती, आणि स्वर बदलत होता. मग ३ मार्चच्या पहाटे, तीनच्या सुमारास, डोंगर फुटला. लाव्हाचं कारंजं शिखरावर दीड किलोमीटरपर्यंत उसळलं. तासाभरात सगळं ओसरलंही. तीन हजारांहून अधिक माणसांना काठच्या गावांतून हलवलं गेलं होतं. स्वरातल्या बदलाचा अर्थ शास्त्रज्ञांनी नंतर उलगडला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्या वेळी हा स्वर आधीच ओळखता यावा, ही त्यामागची आशा.

तेमुको शहरात, जिथे पाब्लो नेरुदांचं बालपण गेलं, तिथे दक्षिण अँडीजच्या ज्वालामुखींची वेधशाळा आहे. १९९६ पासून तिथे माणसं रात्रंदिवस पडद्यांवरच्या रेषा बघत बसतात. भूकंपमापक, वायूमापक, कॅमेरे, जमीन फुगते का हे मोजणारी साधनं. त्यांच्या निर्णयावर गावातल्या दिव्याचा रंग ठरतो. रात्रपाळीवर बसलेला तो अनोळखी माणूस, आईने बूट घालायला लावलेला मुलगा, आणि पहाटे धुराची दिशा बघायला घराबाहेर येणारा वाटाड्या, हे तिघं मला एकाच घरचे वाटतात. डोंगर बदलता येत नाही, थांबवता येत नाही. त्याच्याकडे सतत लक्ष ठेवता येतं. हे लक्ष ठेवणं म्हणजे नुसती काळजी नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याच्याच प्रत्येक हालचालीकडे माणूस इतकं लक्ष ठेवतो.

खाली वळण्याआधी मी कडेचा एक दगड उचलला. काळा, किंचित निळसर झाक असलेला, आकाराच्या मानाने अगदी हलका. अंगभर बारीक छिद्रं, छिद्रांच्या कडा इतक्या धारदार की हातमोज्याचा धागा अडकला. आत काच चमकत होती. हा २०१५ चा, वाटाड्या म्हणाला. म्हणजे हा दगड माझ्या भाचीपेक्षा लहान. दगडाला जन्मतारीख असते, हे मला तोवर हातात धरून कधी जाणवलं नव्हतं.

आणि तेव्हा मला घरचा दगड आठवला. सह्याद्रीही अशाच आगीचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरत राहिला, थरावर थर. आजही त्याने जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. पश्चिमेला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. रायगडाची तटबंदी, वेरूळचं कैलास लेणं, अजिंठ्याच्या भिंती, आमच्या अंगणातलं जातं, सगळं त्यातूनच. दोन्ही आगींची कारणं वेगळी. तिथली भूपट्ट खाली शिरल्याची, आपली पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या मोठ्या उष्ण झोताची. पण छिद्रं तीच. वायू निघून गेला आणि जागा राहिली. आपल्या दगडात त्या जागा भरल्या आहेत. पाणी लाखो वर्षं झिरपत राहिलं आणि छिद्रांत स्फटिक वाढले. पांढरे, गुलाबी, हिरवट झिओलाइट, वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हान्साइट. जगभरच्या संग्रहालयांत ते मांडलेले आहेत. माझ्या हातातला दगड अजून रिकामा होता. सह्याद्रीचा कातळ त्याच्या वयाचा असताना आपल्याकडे घाट नव्हता, गड नव्हता, गवत उगवायला मातीही नव्हती. लेण्यांतल्या थंडाव्यात बसताना मी जे चिरकाल मानत होते तेही एके काळी असंच धारदार आणि ऊन होतं, हे त्या माथ्यावर मला कळलं. दगड मी जागेवर ठेवला. तो तिथला होता.

भारतात आज जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तिथेही एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो आहे. पण त्या बेटावर उतरता येत नाही. लांबून, होडीतूनच बघायचं. आपल्या माणसाला जागती आग जवळून बघायची तर सातासमुद्रापार जावं लागतं.

उतरणं वेगळंच असतं. पहिला टप्पा चालत, मग बर्फ सुरू झालं की क्रॅम्पॉन काढायचे. काटे बांधलेले असताना घसरलं तर काटा अडकतो आणि पाय मोडतो. त्याने प्रत्येकाचे बूट स्वतः तपासले. पँटवर जाड नायलॉनचं अस्तर बांधायचं, बर्फात आधीच खोदलेल्या पन्हाळीत बसायचं, अ‍ॅक्स आडवी धरायची आणि सोडून द्यायचं. सकाळी तासन्‌तास चढलेला उतार काही मिनिटांत मागे जातो. दांडा बर्फात दाबला की वेग उतरतो. तोंडावर बर्फाचा चुरा, कानात वारा, आणि पोटातून आपोआप उठणारं हसू. पन्नाशीतले लोक पोरांसारखे ओरडत होते. मागे वळून बघितलं तर लानीनवरचा ढग आमच्या शिखरापर्यंत आला होता आणि आम्ही उभे होतो ती कड दिसत नव्हती. आम्ही अर्धा तास उशिरा निघालो असतो तर माथा मिळालाच नसता, वाटाड्या म्हणाला. त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती.

शिखर गाठणं ही माझ्या हिशेबात त्या दिवसाची मोठी गोष्ट नाही. दिवसभर माझ्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या माणसाचं मनापासून ऐकणं, आणि ऐकताना आपण लहान झालो असं अजिबात न वाटणं, ही मोठी गोष्ट होती. आपण डोंगरांवर जाताना हल्ली हट्ट घेऊन जातो. पावसाळ्यात धबधब्यांखाली, निसटत्या कड्यांवर, गावकऱ्यांनी नको म्हटलेल्या वाटांनी. दरवर्षी बातम्या वाचतो, हळहळतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा निघतो. जळता डोंगर दारात घेऊन राहणाऱ्या पुकोनच्या लोकांकडून शिकण्यासारखं काही असेल तर ते हे, की परवानगी मागण्यात कमीपणा नाही, आणि नकार मिळाला तर त्या दिवशी न जाणं हीही डोंगराची ओळख आहे.

तेव्हा जमेल तेव्हा अशा एखाद्या जागत्या डोंगरावर जरूर जा. परवाना असलेला वाटाड्या घ्या, तो सांगेल ते बूट घाला, तो शिकवेल तसं पडायला शिका. आणि त्याने परत फिरा म्हटलं, तर एकही प्रश्न न विचारता परत फिरा. इथे, हरिश्चंद्रगडावर, पायथ्याच्या मामांनी म्हटलं तरीसुद्धा.